डाव्या कोपऱ्यातलं बटण

१९ मार्च

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "आर्डिस, रोज दोन ओळी तरी लिहीत जा. मन मोकळं होतं." मोकळं करायला मन आधी भरलेलं लागतं. माझ्यात सध्या काही नाही. तरी वही आणलीच आहे तर लिहिते.

आज एक उद्योग करून बसले. माझ्या नवऱ्याच्या, ऑर्लिनच्या कॉम्प्युटरवर गेले काही आठवडे एक चौकट येत होती. नवीन आवृत्ती आली आहे, घालू का? पहिल्यांदा मी नको म्हटलं. पुन्हा आली तेव्हाही नको म्हटलं. आज तिसऱ्यांदा आली. आता तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? इकडं उत्तर मिनेसोटात आम्ही सगळे असेच वाढलो. कुणी कॉफी विचारली की आधी छे छे म्हणायचं, पुन्हा विचारली की आत्ताच घेतली म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारली की बरं, अर्धा कप. तेव्हाही नाही म्हणणारा माणूस उद्धट. मी हो दाबलं.

यंत्र दुपारभर स्वतःशीच घुरघुरत होतं. संध्याकाळी बघते तर स्क्रीनवर ओळखीचं काहीच नाही. ऑर्लिनचा पिवळ्या गाडीचा फोटो गेला, तिथं कुठलंसं निळं फूल आलं. आयकॉन बारीक होऊन एका रांगेत उभे. आणि डाव्या कोपऱ्यातलं बटण, जिथून सगळं सुरू होतं, ते मधे जाऊन बसलंय.

होईल सवय, म्हटलं, आणि बटाटे सोलायला घेतले.

२० मार्च

सवय कुणाला होईल असं मला वाटलं होतं कोण जाणे.

ऑर्लिनची आठवण जायला लागून आता तीनेक वर्षं होतील. सकाळी त्याचं शर्टाचं बटण मी लावते, अंडं मी फोडून देते. पण न्याहारी झाली की तो आपणहून उठतो, मागच्या छोट्या खोलीत जातो, कॉम्प्युटरसमोर बसतो. हात आधी डाव्या कोपऱ्यात जातो. मग पत्त्यांचा डाव उघडतो, मग हवामानाचा नकाशा. काउंटीच्या बर्फ काढायच्या गाड्या कुठल्या रस्त्यावर धाडायच्या हे ठरवण्यात त्याचा जन्म गेला, त्यामुळे बर्फ कुठवर आला हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जेवायच्या वेळेपर्यंत तो तिथून हलत नाही. तेवढ्यात माझी आंघोळ होते, त्याच्या चादरी धुऊन होतात, आणि मग मी खुर्चीत डोळे मिटून बसते. माझा दिवस काय तो तेवढाच.

आज तो बसला. डाव्या कोपऱ्यात, जिथं काही नाही तिथं, टकटक दाबत राहिला. मग उठून मला अगदी अदबीनं म्हणाला, "माफ करा, मी चुकून दुसऱ्याच्या टेबलावर बसलो." जाकीट घालून बाहेर गेला. मला तो रस्त्याच्या तोंडाशी सापडला. त्याच्या ऑफिसची गाडी येणार होती म्हणे.

चादरी तशाच राहिल्या.

२२ मार्च

शेजारचा व्हर्न हॉटडिश घेऊन आला. त्याच्या बायकोनं, डेलोरेसनं ओव्हनमध्ये भाजलेलं मांस नि भाजी, वर कुरकुरीत बटाटे, भांड्याच्या बुडाला नेहमीसारखी तिच्या नावाची चिकटपट्टी. व्हर्न टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालाय, त्यामुळे जगातली प्रत्येक वायर आपलीच आहे असं त्याला वाटतं.

"अहो आर्डिस, कॉम्प्युटरचं काहीतरी झालंय म्हणे. बघू का?"

"छे छे, कशाला तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? दहा दिवसांच्या आत जुनं सगळं जसंच्या तसं परत आणता येतं. नंतर मात्र नाही. बघतो की."

"नको, खरंच नको. आमचं चाललंय."

"बरं तर," म्हणाला आणि गेला.

मी दार धरून उभी राहिले. त्याची गाडी निघून गेली तरी उभीच. मूळचा शिकागोचा तो. इथं येऊन केस पांढरे झाले, पण तिसऱ्यांदा विचारायचं असतं एवढं शिकला नाही. आता मी आपणहून फोन करायचा म्हणजे मीच लोचट.

२५ मार्च

कॅरिनचा फोन. मिनीयापोलिसहून चार तास गाडी चालवत यायला नको म्हणून ती फोनवरच सगळं उरकते, असं मी म्हटलं की चिडते.

"आई, टॅमरॅक हाऊसमध्ये, आठवण गेलेल्यांना सांभाळतात तिथं, बाबांसाठी एक खोली रिकामी होतेय. एप्रिलअखेरपर्यंत धरून ठेवतील ते. हो सांगू?"

"नको. आमचं ठीक चाललंय."

"ठीक आहे, ठीक आहे. हे काय तुझं नाव आहे का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा तुला ओळखतात?"

"ओळखतात म्हणजे काय!"

"नावानं हाक मारतात का, ते विचारतेय."

"त्यांनी कधी मारली? लग्न झाल्यापासून 'अगं ए'च तर चालू आहे."

"मग 'अगं ए' तरी म्हणतात का?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय. खरं तर दूध नव्हतंच ठेवलेलं. तिला काय समजावणार? त्यांना काही झालेलं नाही, फक्त कॉम्प्युटर बिघडलाय. तो आधीसारखा झाला की ऑर्लिनही आधीसारखा बसेल.

२८ मार्च

सकाळी मी चादर वाळत घालेपर्यंत ऑर्लिन सपाता घालून घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर चालत गेला. काठाजवळचा बर्फ आता मऊ पडलाय, पाणी वर दिसतं. मी मागोमाग गेले. पायाखाली कर्र झालं. मला भीती वाटली नाही. मी आपली चालत गेले आणि त्याचा हात धरला.

"बाई, तुम्ही इकडं कशाला आलात?" तो म्हणाला. "थंडी किती आहे."

"चला, आत जाऊ," मी म्हटलं.

"चला चला. तुम्हालाच सर्दी व्हायची."

हल्ली फार सभ्य झालाय. तरुणपणी याच्यातलं थोडं असतं तर माझ्या आईनं लग्नाला कमी कुरकुर केली असती.

भीती वाटली नाही, याची भीती मात्र दुपारी कांदा चिरताना थोडी वाटली. मग तीही गेली.

१ एप्रिल

दहा दिवस उलटून गेले. वाचनालयातून एक कागद छापून आणला आणि स्वतःच बसले. राइट क्लिक, मग कुठलीशी यादी, त्यात आणखी यादी. सापडलं. बटण मधून उठून डाव्या कोपऱ्यात आलं. मी एकटीनं केलं. आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही.

ऑर्लिनला बसवलं. हात कोपऱ्यात गेला, बटण होतं, दाबलं. पण आतून जे उघडलं ते सगळं परकं. तो थोडा वेळ बघत राहिला, आणि एखाद्याच्या घरी चुकीचं दार उघडल्यावर माणूस जसं हळूच लावून घेतो तसं त्यानं ते बंद केलं.

२ एप्रिल, बुधवार

चर्चच्या तळघरात ईस्टरपूर्वीचं सूप जेवण. ऑर्लिन माझ्याशेजारी शहाण्यासारखा बसला होता. व्हर्न समोर होता. मी पाव मोडत म्हटलं, "आमच्याकडं कॉम्प्युटर अजून जरा तसाच आहे."

"हो का?" व्हर्न म्हणाला आणि सूप प्यायला लागला.

डेलोरेसनं त्याला टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण तो दचकला. मग ती त्याला म्हणाली, "अरे, ती तुला बोलावतेय!"

"ती कुठं बोलावतेय? ती म्हणाली, तसाच आहे."

"म्हणजे बोलावतेय."

"मग तसं म्हणायचं ना."

"ती तसंच म्हणाली," डेलोरेस म्हणाली. इतकं लाजल्यासारखं झालं मला. तरी मी नाही म्हटलं नाही.

५ एप्रिल

व्हर्न आला. आल्या आल्या कपाळाला हात लावला. "अहो, मुदत गेली की! त्या दिवशी नाही का म्हणालात?"

"दोनदाच म्हणाले होते."

"दोनदा नाही म्हणजे नाहीच ना?"

मी कॉफी ओतली.

मुदत गेली तरी माणूस कामाचा निघाला. त्यानं कुठूनसा एक छोटा प्रोग्रॅम आणून घातला, आणि बटण दाबल्यावर जुनी यादी उघडली. तीच करडी, दोन रांगांची. म्हणाला, "आत सगळं नवीनच आहे हं. वरून फक्त जुनं दिसणार."

"दिसलं की झालं," मी म्हटलं.

पत्त्यांचा डाव त्याला जुन्या जागी सापडला, जपून ठेवलेला. तो उघडून व्हर्न स्क्रीनजवळ वाकला. "आर्डिस, हा डाव... यात पत्ते नुसते वाटलेत. एकही उचललेला नाही. तारीख मागच्या उन्हाळ्याची आहे."

"तो विचार करून खेळतो."

व्हर्ननं चष्मा पुसला. मग पिवळ्या गाडीचा फोटो शोधून लावून दिला. चौदा नंबरची गाडी, पुढं बर्फाचा डोंगर, शेजारी ऑर्लिन, कानावर टोपी. "आता आयकॉन कुठं कुठं होते ते सांगा."

मी रोज त्या खोलीत धूळ पुसायला जायचे. मला सांगता येईना. शेवटी वाढदिवसाचा एक फोटो सापडला. ऑर्लिन कॉम्प्युटरपुढं केक घेऊन हसतोय, मागं स्क्रीन. डावी बाजू दिसते. उजव्या बाजूवर त्याचा खांदा आलाय.

८ एप्रिल

डावीकडचे आयकॉन फोटोत बघून लावले. एक लावला की सगळे पळत जाऊन पुन्हा रांगेत उभे. पुन्हा लावले, पुन्हा पळाले. तासभर मी मेंढरं वळत होते. शेवटी व्हर्नला फोन केला. सरळ केला, आडवळण न घेता. शिकागोच्या माणसाशी शिकागोसारखंच बोलावं.

"आपोआप लावा, असं लिहिलेलं दिसतंय का? त्यापुढची खूण काढा."

काढली. आता जिथं ठेवते तिथं राहतात.

ऑर्लिन आज पाचेक मिनिटं बसला. मग उजवीकडं हात नेला, तिथं काही नव्हतं, आणि उठला.

११ एप्रिल

न्याहारी झाल्यावर मी भांडी घासत होते. ऑर्लिन टेबलाशीच बसला होता, उजवा हात मेणकापडावर. हात हलत होता. खाली डाव्या कोपऱ्यात गेला, बोट टेकलं. थोडा वर गेला, दोनदा टेकलं. मग आडवा सरकला, थांबला. मग थेट उजवीकडं वर, मिठाच्या डबीपाशी, पुन्हा दोनदा.

साबणाचे हात तसेच धरून मी बघत राहिले. मिठाची डबी उचलली. हात पुन्हा तिथंच गेला.

डब्यातून राजमा घेतला आणि जिथं बोट टेकलं तिथं एकेक दाणा ठेवला. त्यानं एक दाणा उचलून बघितला. "हा तुमचा का?"

"हो, ठेवा तिथंच."

त्यानं नेमका त्याच जागी ठेवला.

१५ एप्रिल

चार सकाळी राजमा मांडला. दाणे त्याच जागी येतात. दोनदा टेकून हात आडवा सरकला की पत्ते. कोपऱ्याकडं वर दोनदा टेकलं की तो मान उचलून खिडकीबाहेर आभाळाकडं बघतो, तेव्हा ते हवामान. त्या दोन्हींच्या मधे एक जागा आहे, तिथं तो नुसता थांबतो, दाबत नाही. तिथं मी काहीच ठेवलं नाही.

मेणकापडावर पट्टी धरून मोजलं आणि स्क्रीनवर उतरवलं. फार वर्षांनी मला कशात तरी गंमत वाटली, असं लिहिणार होते. गंमत नाही. पण हात चालत होते.

२० एप्रिल, ईस्टर

कॅरिन आली. हॅम, बटाटे, लिंबाच्या गोड वड्या. ऑर्लिननं तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि विचारलं, "तुम्ही लांबून आलात का?"

"हो," ती म्हणाली. "लांबून."

जेवण झाल्यावर ती गाडीतून काहीतरी आणते म्हणून गेली, ती कितीतरी वेळ गॅरेजमध्येच होती. नाक लाल करून आली. मी तिला कॉम्प्युटर दाखवला. "हे बघ, आता फक्त हवामानाचं राहिलंय. तो आयकॉन जुन्या चित्राचा हवा, म्हणजे त्यांना ओळखू येईल. तेवढं झालं की झालं."

"आई, स्क्रीन जुनी झाली म्हणून बाबा..." ती म्हणाली आणि थांबली.

"ती थाळी दे इकडं," मी म्हटलं.

थाळी देऊन ती म्हणाली, "तुझं वजन किती उतरलंय. आई, त्यांना हो सांगू का? महिना संपत आला."

"नको गं. खरंच नको. होतंय सगळं."

तिनं मला धरलं. मला कळत होतं की आपणही हात वर करून तिला धरायला हवं. हात कुठं ठेवायचा ते सुचेना. पुसायचं फडकं हातात होतं, तेच घट्ट धरलं.

२५ एप्रिल

काल वारा सुटला आणि तळ्यावरचा बर्फ गेला. दर वर्षी बर्फ गेला की ऑर्लिन सगळ्या गावाला फोन करून सांगायचा. आज काठावर उभं राहून त्यानं पाण्याकडं बघितलं आणि मला विचारलं, हे कधी केलं?

व्हर्ननं जुन्या चित्राचा आयकॉन शोधून दिला. छत्रीचा. मी जागेवर ठेवला.

२८ एप्रिल

सगळं झालं.

न्याहारीनंतर ऑर्लिन उठला आणि छोट्या खोलीत गेला. मी दारात उभी. तो बसला. हात डाव्या कोपऱ्यात गेला, बटण तिथं होतं. यादी उघडली, जुनी, करडी. बाजूला पिवळी गाडी. पत्ते उघडले. मधे थांबला. मग वर उजवीकडं छत्री, दोनदा. नकाशा उघडला. त्यानं नकाशा बघितला, खिडकीबाहेर बघितलं आणि खुर्चीत मागं टेकला. त्याचे खांदे खाली आले. किती दिवसांनी खाली आले.

मला आंघोळीला जायला हवं होतं. चादरी भिजत होत्या. मी गेले नाही. मला बघायचं होतं. झालं ना, असं कुणाला तरी सांगायचं होतं. मी दारातून म्हटलं, "ऑर्लिन, सगळं जागच्या जागी आहे ना?"

तो वळला. चेहरा उजळला. कामावर असताना कुणी भेटायला आलं की उजळायचा तसा.

"आहे की. या ना, आत या. उभ्या का?"

मी आत जाऊन स्टुलावर बसले.

"कॉफी घेणार?"

"छे छे," मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

"घ्या हो. वेळ लागणार नाही."

"नको, खरंच. आत्ताच घेतली."

तो हसला. आपल्याकडच्या माणसाला पुढं काय करायचं ते बरोबर माहीत असतं. "अर्धा कप तरी घ्या. माझी बायको फार छान करते. बाहेर गेलीय जरा, येईलच एवढ्यात."

"बरं," मी म्हटलं. "अर्धा कप."

तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि कपाटं उघडू लागला. कप कुठं आहेत ते मी सांगितलं नाही. पाहुण्यानं कसं सांगायचं? तो एकेक दार उघडत होता आणि मला ऐकू जाईल असं म्हणत होता, "तिला सगळं ठाऊक असतं. ती आली की देईल." मी स्टुलावर बसून रडले. मोठ्यानं रडले. छातीत इतकं दुखलं की वाटलं, एवढं सगळं होतं कुठं इतके दिवस?

तो रिकामा कप घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. "गरम आहे, जपून."

मी जपून धरला.

२९ एप्रिल

सकाळी ऑर्लिन पुन्हा बसला. जेवायच्या वेळेपर्यंत उठला नाही. मी आंघोळ केली, चादरी धुतल्या. चादरी वाळत घालताना कॅरिनचा फोन आला.

"आई, रागावू नकोस. उद्या शेवटचा दिवस आहे. मी पुन्हा विचारतेय. टॅमरॅकला हो सांगू?"

चादरीचं टोक हातातून सुटलं, ते पकडलं.

"बरं," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मला यावेळी तिच्याबरोबर रडता आलं, हे लिहून ठेवते. मग मी डोळे पुसले आणि तिला म्हटलं, तिथल्या लोकांना दोन गोष्टी सांग. एक, हा कॉम्प्युटर त्याच्या खोलीत लावायचा, खिडकी उजव्या हाताला हवी. आणि दुसरी, त्यावर मधून मधून एक चौकट येईल, नवीन काही घालू का म्हणून. कितीही वेळा विचारलं तरी नाही म्हणायचं.